दार लावण्यापूर्वी

आळीच्या तोंडाशी गाडी थांबवून उतरले आणि आधी वास आला. पोटरी फोडून नुकत्याच बाहेर पडलेल्या भाताच्या लोंबीचा वास गोडसर असतो, किंचित पिठूळ. त्यात ओल्या गवताचा आणि कुठल्या तरी चुलीवर भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा वास मिसळला की मुरबाडचा पाऊस संपत आल्याचे समजावे. टोकावड्याकडच्या शेतांतून मातीचे नमुने गोळा करण्याचे माझे काम दुपारीच आटोपले होते. सरळ ठाण्याला परतणे शहाणपणाचे होते. तरी मी चालकाला वळायला सांगितले.

आमचे घर आता तिथे नाही. त्याच्या जागी दुमजली बांधकाम आहे, लोखंडी जाळीचे दार आहे, ओट्याच्या जागी गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर उभी केलेली मोटारसायकल. शेजारचे घर मात्र होते तसेच होते. कौले जाऊन पत्रे आले, एवढाच फरक. आमच्या घराचे नसणे मी शांतपणे पाहू शकले. शेजारच्या घराच्या काळ्या दगडाच्या पायरीकडे तसे पाहता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किप्पूर लागणार होता. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. वर्षभरात केलेल्या चुकांची माफी मागण्याचा हा आमचा सर्वांत मोठा उपास. पण आमच्या जुन्या माणसांनी त्याला दिलेले नाव माफीवरून नाही, दारावरून आहे: दारफाळणीचा, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. सूर्य मावळण्यापूर्वी अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, जेवून घ्यायचे आणि दार लावायचे. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाणीही नाही, चूल नाही, येणेजाणे नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणे नाही. शहरात हा रिवाज केव्हाच मागे पडला. तिथे लोक प्रार्थनालयात जातात. मुरबाडच्या आमच्या घरात मात्र, नव्वदच्या दशकातसुद्धा, दाराला आतून अडसर लागत असे.

आदल्याच रविवारी मी ठाण्याला लहान मुलांचा वर्ग घेतला होता. सणांविषयी शिकवायला कोणी मिळेना, म्हणून हे काम माझ्याकडे आले होते. एका मुलीने विचारले, "समोरच्याने माफ केलंच नाही तर?" नियम मला तोंडपाठ होता. साक्षीदार बरोबर घेऊन तीनदा जावे. तिन्ही वेळा नकार मिळाला तर मागणारा सुटतो आणि ओझे नकार देणाऱ्यावर जाते. मी तो सांगितला, आणि सांगताना मला तीच काळी पायरी दिसत होती.

*

हा नियम आम्हांला रिबका आत्याने शिकवला होता. ती इथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती; अख्खी आळी तिला सिस्टरच म्हणे. किप्पूरच्या आदल्या दिवशी घरातली मोठी माणसे ठाण्याच्या प्रार्थनालयाकडे निघत. लहान मुले तिथे दिवसभर बसू शकत नाहीत, म्हणून आम्हां तिघांना आत्याकडे ठेवले जाई. मी सर्वांत मोठी. नाथन आणि लिआ ही काकांची मुले. ती शहापूरहून किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने येत आणि उतरल्यावर बराच वेळ त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास येत राही.

आत्याचा वर्ग ओट्यावर भरे. आत भिजत घातलेल्या काळ्या मनुकांचा आंबटगोड दरवळ असे, कारण उपास सोडायला मनुकांचे सरबत लागते. समोर चुलीवर पाण्याचा हंडा, आणि पुढ्यात मांडी घालून बसलेली आत्या, जिला खूश करणे अशक्य होते.

"देवाशी केलेली चूक देवाला सांगायची," ती म्हणे. "माणसाशी केलेली चूक माणसाच्या दारात जाऊन. देव त्याच्या वाटची माफी करील, दुसऱ्याच्या वाटची करणार नाही. तेवढा तो शिस्तीचा आहे."

मग तालीम. ती दुखावलेल्या माणसाची जागा घेई आणि आम्ही एकेकाने तिच्यासमोर उभे राहायचे.

"मी लिआला ढकललं, माफ कर, पण तिनं आधी..." नाथन सुरू करी.

"थांब. 'पण' आला. ही माफी नाही, वकिली झाली. पुन्हा."

"मी लिआला ढकललं. माफ कर."

"कुठं ढकललंस?"

"चिखलात."

"मग चिखलात म्हण की. अर्धी चूक सांगून पूर्ण माफी कशी मागतोस?"

तालीम पुरी झाली की आम्ही आळीत निघत असू. आळीला हे ठाऊक होते. तेलाच्या दुकानातले काका आम्हांला लांबूनच पाहून ओरडत, "आली बगा इस्राएलांची पोरं, वरसाची धुनी धुवाया!" एका वर्षी नाथन त्यांच्यापुढे हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मी तुमच्या बकरीला विडी खायला घातली. माफ करा."

"कवा रे?"

"उन्हाळ्यात."

"आरं मेल्या, तरीच ती खोकत व्हती! आन मी गुळवेल पाजली तिला म्हैनाभर." एवढे बोलून काका हसत सुटले, त्यांनी नाथनच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि नाथनला वाटले की माफी म्हणजे गूळ. आत्या म्हणाली, "आता सोपं वाटतंय. सगळे हसत नाहीत."

तिला तेव्हा ते किती ठाऊक होते, कोण जाणे.

*

शेजारच्या घरी सुमनमावशी आणि त्यांची आई, सोनाआजी, राहत. मावशींचे यजमान आसनगावहून लोकल धरून मुंबईला कामाला जात आणि उशिरा परतत, त्यामुळे दिवसभर घर या दोन बायकांचे असे. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. पौर्णिमेला खीर व्हायची आणि कुडाच्या वरून वाटी आमच्याकडे यायची. आमच्या विश्रांतीचा शनिवार संपल्यावर ती परत जायची, कधीच रिकामी नाही. सोनाआजींना आत्या फार प्रिय. आत्या ड्यूटीवरून आली की आजी ओट्यावरून हाक मारीत, "रिबके, माझी नाडी बग गो." नाडी नेहमी ठीक असे. आत्या तरीही हातात हात घेऊन बसे.

एका वर्षी, किप्पूरच्या दिवशी, भर दुपारी दारावर थाप पडली.

आत अंधार होता. कौलांच्या फटीतून उन्हाच्या दोन काठ्या जमिनीवर उभ्या होत्या आणि त्यांतून धूळ हळूहळू वर जात होती. आत्या प्रार्थनेचे पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली होती. थाप मोठी नव्हती. बोटांची पेरे लाकडावर, आणि पाठोपाठ काचेच्या बांगड्यांची किणकिण. लिआ उठायला लागली. आत्याने ओठांवर बोट ठेवले. पुन्हा थाप, पहिल्यापेक्षाही हळू. आमच्या सणाचा मान ठेवून कोणी तरी दबकत दार वाजवत होते. मग पावले गेली. काही वेळाने आळीच्या तोंडाशी टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला आणि तोही विरला.

चांदण्या दिसल्यावर आम्ही अडसर काढला. सुमनमावशींच्या अंगणात माणसे उभी होती. सोनाआजींना दम लागला होता. कल्याणला नेताना त्या रस्त्यातच गेल्या होत्या. आत्या तशीच, पाण्याचा थेंबही न घेता, पांढऱ्या लुगड्यात अंगण ओलांडून गेली. सुमनमावशींनी मान वर केली.

"आता उघाडलंस?"

एवढेच. नंतर वर्षभर एक शब्द नाही. कुडावरची वाटी थांबली. पौर्णिमा आली की खिरीचा वास येई आणि आत्या खिडकी लावून घेई.

पुढे कॉलेजात मी थोडे शरीरशास्त्र शिकले तेव्हा त्या दुपारचा हिशेब अनेकदा मांडून पाहिला. त्या वयात, त्या हृदयाला, मुरबाडच्या घरात सिस्टर येऊन काय करू शकली असती? फारसे काही नाही. पण ज्याची विचारणा झाली नव्हती त्या प्रश्नाचे ते उत्तर होते. आजींना नाडी बघणारा हात हवा होता.

*

आजी गेल्याच्या पुढच्या वर्षी आत्याचे जाण्याचे कागद आले. नाथन, लिआ आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर ती इस्राएलला कायमची निघणार होती. सण उरकले की लगेच. मधल्या खोलीत ट्रंका सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. म्हसा गावच्या जत्रेतून घेतलेली घोंगडी, जी नेता येणार नव्हती, कोपऱ्यात घडी घालून होती. आम्ही मुले त्या ट्रंकांवर चढत नव्हतो. कोणी मनाई केली नव्हती, तरी.

आत्या दोनदा सुमनमावशींकडे जाऊन आली होती. एकदा आजी गेल्यानंतर महिन्याभराने, आणि एकदा नव्याच्या सणाला, आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. ही दुसरी खेप मी खिडकीतून ऐकली होती. "मला कळलंच नाही गं कोण आहे ते," आत्या म्हणत होती. "सण होता, दार लावलेलं..." सुमनमावशी आत निघून गेल्या होत्या.

किप्पूरच्या आदल्या दिवशी दुपारी वर्ग भरला. आत्याने तीनदा जाण्याचा नियम सांगितला. लिआ तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. तिने विचारले, "आत्या, तू कोणाकडे जाणारेस?"

हंड्यातले पाणी उकळायला लागले होते. आत्याने उठून लाकडे मागे ओढली. परत येऊन बसली नाही. आम्हांला अंघोळी घातल्या, पांढरे कपडे दिले, ताटे वाढून झाकून ठेवली. पूर्वेच्या डोंगरावर ऊन चढू लागले होते. आमच्याकडे सूर्यास्त असाच मोजतात; शेतातली सावली पायथ्याशी पोचते, मग ऊन कड्यावर चढत चढत माथ्याशी जाते आणि विझते. ऊन कड्याच्या निम्म्यावर होते.

"चला तिघंही," आत्या म्हणाली. "साक्षीदार लागतात."

सुमनमावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आम्हांला पाहूनही सुपाची लय बदलली नाही.

"सुमन, मी आलेय."

"दिसतंय."

"माफी मागायला आलेय. पोरं साक्षीला आणलीत."

"साक्षीला? कोरट हाय का हे?" सूप वर गेले, खाली आले, कोंडा आमच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाला. "दोनदा ऐकलं ना मी. तुला कललं नाय, सन व्हता. जा आता, दार लावायचा टाइम झाला तुमचा."

आत्या एक पाऊल पुढे झाली.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

सूप थांबले.

"तुझी थाप होती. बांगड्याही ओळखल्या मी. आदल्याच दिवशी आजींना तपासलं होतं, नेहमीचा खोकला होता. म्हटलं, संध्याकाळी बघू. जिवावर बेतलं असेल तर उपास मोडायला आमच्यात परवानगी आहे, हे मला ठाऊक होतं. मी उठले नाही. दोन्ही वेळा तुझ्याशी खोटं बोलले. माफ कर."

कोंबड्या तांदळाच्या कण्यांपाशी आल्या. त्यांना कोणी हाकलले नाही. मी आत्याकडे पाहू शकत नव्हते. सुमनमावशींचा आवाज आला तो इतका खालचा होता की मला पुढे झुकावे लागले.

"माझी आय तुझं नाव घेत व्हती. टेंपोत बी. मी तिला सांगितलं, रिबकाला ऐकू नाय गेलं, नायतर ती ऱ्हायली नसती. तिचा इस्वास बसला. त्योच इस्वास घेऊन गेली ती." त्यांनी सूप खाली ठेवले. "आन आता तू मना हे सांगतंस. नाय करनार मी माफ. जा."

तेव्हा नाथन बोलला. मुद्दाम नव्हे, तालमीत पाठ केलेले उत्तर त्याच्या तोंडून निसटले. "तीनदा झालं. आता आत्या सुटली. आता पाप मावशींवर."

"म्हंजी?" सुमनमावशी उठून उभ्या राहिल्या. "आय माझी गेली, आन पाप बी माझ्याच डोईवर? लय भारी हिशोब हाय रे तुमच्या देवाचा!"

"नाथन, गप्प." आत्या वळली. "हे मी शिकवलं खरं. विसर ते." मग मावशींना म्हणाली, "मी सुटायला नाही आले, सुमन." आणि ती त्या काळ्या पायरीवर बसली.

ऊन माथ्याला लागले होते. आमचे दार समोर सताड उघडे होते. आत झाकलेली ताटे दिसत होती. सुमनमावशी घरात निघून गेल्या. माझ्या डोक्यात एकच विचार होता: हिने जेवून घेतले पाहिजे, दार लावले पाहिजे, आताच. ज्या बाईने आम्हांला सणाचा एकेक नियम घोटून शिकवला ती एकेक नियम मोडत पायरीवर बसली होती.

"आत्या, दार," लिआ कुजबुजली.

"उघडं राहू दे."

"मला भूक लागलीय."

आतून आवाज आला, "पोरीला आत धाड. तिचा काय गुना?" लिआ गेली. भाकरी कुस्करल्याचा, वाटीत दूध ओतल्याचा आवाज आम्ही बाहेरून ऐकला. माथ्यावरचे ऊन गेले. डोंगर निळा झाला, मग राखाडी. आत्याने पुस्तकाविना, अगदी हलक्या आवाजात, संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. मी आणि नाथन तिच्या दोन बाजूंना बसून होतो. आळीतली माणसे शेतांवरून परतत होती, पायरीवरच्या पांढऱ्या आकृती पाहून क्षणभर थबकत होती आणि पुढे जात होती. त्या प्रार्थनेचे शब्द सुमनमावशींना कळत नव्हते. पण घरात भांड्यांचा आवाज होत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्या झोपलेल्या लिआला खांद्यावर घेऊन बाहेर आल्या.

"ऊठ. दार उघाडं हाय तुझं, कुत्रं शिरल."

त्या आम्हांला आमच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायला आल्या. लिआला माझ्या हातात दिले.

"माफ केलं आसं मना म्हनता येत नाय," सुमनमावशी म्हणाल्या. "आजून नाय. मनात नाय ते कशी बोलू?"

"नको बोलूस."

"आन आडसर नको घालू आज."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आमचे दार नुसते लोटलेले राहिले. वाऱ्याने ते अधूनमधून हलत होते आणि प्रत्येक वेळी आत्याची मान वळत होती. कोणी आले नाही. सण संपल्यावर आठवड्याभराने जीप आली, ट्रंका चढल्या. शेजारच्या दाराला कुलूप होते. मावशी शेतावर गेल्याचे कोणी तरी सांगितले. जीप मुख्य रस्त्याला लागेपर्यंत आत्या मागे पाहत होती.

*

"कोन पायजे?"

पायरीवर सुमनमावशी उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पाठ वाकलेली, डोळे मात्र तसेच थेट. मी नाव सांगितले.

"आग बया. तू ती मोठी. पुस्तकवाली." त्यांनी माझा हात धरून पायरीवर बसवले. "रिबका कशी हाय?"

"गेली, मावशी. दोन वर्षं झाली."

शेतांवरून वारा आला आणि तो पिठूळ वास पुन्हा अंगणात भरला.

"शेवटाला कोन व्हतं जवल?"

मला खोटे सांगता आले असते. नाथन होता, लिआ होती, हात हातात होता. माझ्या मनात वाक्य तयार झालेही होते. पण मी त्याच पायरीवर बसले होते.

"कोणी नव्हतं. दवाखान्यात होती. बरी वाटली म्हणून नाथन घरी गेला, आणि पहाटे ती गेली."

सुमनमावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्या चेहऱ्यावर फिटलेल्या हिशेबाचे समाधान शोधत होते, हे मला उशिरा कळले. तिथे ते नव्हते.

"एकटी नको व्हती जायाला ती," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "एकटी नको व्हती." मग पदराने डोळे पुसून विचारले, "तुमच्यात मेल्या मानसाचं काय करत्यात गो?"

"दिवा लावतो. उद्या संध्याकाळी, सण लागायच्या आधी. तेलाचा. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत तेवत ठेवायचा."

त्या हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. फडताळ उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा एका हातात तेलाचा डबा होता, दुसऱ्या हातात स्वच्छ धुतलेली काचेची बाटली. पायरीवर बसून, बाटली गुडघ्यांत धरून, त्या खोबरेल ओतू लागल्या. धार जराही हलत नव्हती. अर्ध्याच्या वर तेल आल्यावर मी म्हणाले, "पुरे, मावशी. एवढं पुरेल."

"रातभर? आन उद्याचा आख्खा दिस?"

"हो. पुरेल."

"नाय पुरायचं," त्या म्हणाल्या, आणि बाटली गळ्यापर्यंत भरत राहिल्या.